पेंटबॉल गनचा सोलेनॉइड पुन्हा पुन्हा गळतो? नवा टाकण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. हवेची बाटली लावली की गनच्या मुठीतून सूं सूं आवाज सुरू होतो. थोडा वेळ रंगाचे बॉल नीट सुटतात, मग एखादा नळीतून नुसता घरंगळत बाहेर पडतो. सोलेनॉइड (करंट मिळाला की आतला दांडा, म्हणजे प्लंजर, सरकवणारी कॉइल; पुष्कळ गनमध्ये तीच हवेचा वॉल्व्ह उघडते) बदलला की काही दिवस सगळं झकास चालतं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. चिखलदऱ्याच्या वाटेवरच्या एका कॅम्पचा पोरगा गन पिशवीत घालून दुकानात येतो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य मला पाठ आहे: "भाऊ, पुन्हा सूं सूं करून राह्यली. नवा वॉल्व्ह टाकला तरी काहून असं होते?"

माझं परतवाड्यातलं मूळ काम मोटर रिवाइंडिंगचं आणि संत्र्याच्या बागांतल्या ठिबकचे ऑटोमॅटिक वॉल्व्ह दुरुस्त करण्याचं. कॉइल आणि प्लंजर एवढे दोन शब्द कानावर पडले की लोक माझ्याकडे बोट दाखवतात, तशा या गनही आल्या. आल्या त्या बऱ्या आल्या, कारण ठिबकच्या वॉल्व्हचा आणि यांचा आजार एकच निघाला. ठिबकमध्ये २४ व्होल्ट एसीची कॉइल फक्त सुईएवढं भोक उघडते, खरं काम पाण्याचा दाब डायफ्रॅम (रबरी पडदा) उचलून करतो. त्या भोकात वाळूचा एक कण अडकला की वॉल्व्ह बंदच होत नाही आणि शेतकरी म्हणतो कॉइल जळली. गनमध्ये पाण्याच्या जागी हवा आहे आणि वाळूच्या जागी काय आहे ते पुढे येईलच.

आधी हात लावण्याच्या अटी. बाटली काढायची, बॉलचा डबा काढायचा, नळीला कव्हर घालायचं आणि गनमध्ये उरलेली हवा सोडायची. बाटली काढली म्हणजे गन रिकामी झाली असं नाही, आत एखाद्या फेरीपुरती हवा दबून बसलेली असते. तपासताना डोळ्यांवर मास्क हवाच. बाटलीचा स्वतःचा रेग्युलेटर (दाब कमी करणारा भाग) मात्र खोलायचा नाही. ती ३००० किंवा ४५०० पीएसआय दाबाची वस्तू आहे, तिथे पाना लावणं हे आपलं काम नव्हे.

तुमच्या गनमध्ये कुठला सोलेनॉइड आहे?

हे न बघताच लोक नेटवर पार्ट शोधायला बसतात. ढोबळमानाने तीन जाती आहेत आणि दुरुस्तीच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिली जात म्हणजे ज्यात सोलेनॉइडमधून हवा जातच नाही. टिपमन ९८ किंवा ए-५ ला लावायची ई-ग्रिप (विजेवर चालणारी मूठ), स्पायडरच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक गन या त्यातल्या. इथे सोलेनॉइड म्हणजे नुसता हातोडी मारणारा गडी: करंट मिळाला की प्लंजर सिअरला (हॅमर अडवून धरणाऱ्या खटक्याला) धक्का देतो, स्प्रिंगचा हॅमर सुटतो आणि पुढचं सगळं यांत्रिक. या गनच्या मुठीतून हवा गळत असेल तर सोलेनॉइडकडे बघूही नका, तो बिचारा त्या गावचाच नाही. त्यात बिघाड झालाच तर प्लंजरभोवती धूळ आणि ग्रीसचं कीट साचलेलं असतं, किंवा कॉइल उडालेली असते. कॉइल उडाली तर तीच तार, तेवढेच वेढे मोजून घालता येतात. आमच्यासारख्या रिवाइंडिंगवाल्याला ही जात सगळ्यात आवडते.

दुसऱ्या जातीत कारखान्यांतल्या मशीनवर असतो तसलाच छोटा न्युमॅटिक (हवेवर चालणारा) वॉल्व्ह दोन बारीक स्क्रूंनी मॅनिफोल्डवर, म्हणजे हवेच्या वाटा असलेल्या ठोकळ्यावर बसवलेला असतो, मध्ये एक रबरी गॅस्केट. वॉल्व्हवर व्होल्टेज, वॅट, कमाल दाब असं काहीतरी छापलेलं असतं. ही जात दुरुस्त होते. निदान साफ तरी होते, आणि अगदीच गेली तर वॉल्व्ह तेवढा बदलता येतो.

तिसरी जात म्हणजे गन बनवणाऱ्याने खास आपल्यापुरता करून घेतलेला, चारी बाजूंनी दाबून किंवा रेझिन ओतून बंद केलेला सोलेनॉइड. स्क्रू नाही, सांधा नाही, छापील अक्षर नाही. तो उघडायचा म्हणजे तोडायचा. अशा गनचं आयुष्य तिच्या कंपनीच्या आयुष्याएवढं. शॉकर आणि आयॉन बनवणारी अमेरिकेतली स्मार्ट पार्ट्स ही मोठी कंपनी २०१० मध्ये बंद पडली. नाव कितीही मोठं असलं तरी सुटे भाग कायम मिळत राहतील असं गृहीत धरू नये, एवढाच त्यातला मुद्दा.

पुढचं सगळं मुख्यतः दुसऱ्या जातीबद्दल आहे.

आवाज कुठून आणि कधी येतो

कान लावून नक्की कळत नाही, कारण मुठीच्या पोकळीत आवाज घुमतो. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा किंवा सलाईनच्या नळीचा वीतभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी, दुसरं गॅस्केटपाशी, एक्झॉस्टपाशी (वापरलेली हवा बाहेर पडते त्या भोकापाशी), गनच्या नळीच्या तोंडाशी फिरवा. साबणाचं पाणी इथे नको, खाली सर्किट बोर्ड आहे.

जागा कळली की वेळ बघा. कोण कुठल्या क्षणी गळतो यात निम्मं निदान आहे.

बाटली हळूहळू उघडताना गळती होते आणि पूर्ण दाब आल्यावर थांबते, तर काहीही बिघडलेलं नाही. यातले बरेच वॉल्व्ह पायलट पद्धतीचे असतात: कॉइल लहानसं भोक उघडते आणि आतला स्पूल (हवेच्या वाटा बदलणारी सरकती दांडी) हवेच्याच जोरावर सरकतो. साधारण दीड-दोन बार दाबाच्या खाली त्या हवेत स्पूल सरकवायचा जोर नसतो. तो मधेच लटकतो आणि दोन्हीकडून हवा सोडतो. असा चांगला वॉल्व्ह केवळ या आवाजाला घाबरून फेकून दिलेला मी पाहिला आहे.

गोळी सुटल्यावर लगेच सगळं शांत, आणि पाच-दहा सेकंदांनी गळती सुरू, पुन्हा ट्रिगर दाबला की पुन्हा शांत. हा सोलेनॉइडचा दोष नव्हे, हा रेग्युलेटर. बाटलीतून बहुतेक वेळा ८०० ते ८५० पीएसआय येतात, गनचा रेग्युलेटर ते खाली आणतो, आणि काही गनमध्ये फक्त सोलेनॉइडसाठी आणखी एक छोटा रेग्युलेटर असतो. त्याच्या सीटवर (हवेची वाट बंद करणाऱ्या गादीवर) चरा पडला की दाब एका जागी थांबत नाही, हळूहळू चढत राहतो. सोलेनॉइडच्या मर्यादेपलीकडे गेला की आतली सील उचलली जाते आणि हवा वाट काढते. क्रोनोग्राफ (बॉलचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर खात्री लगेच होते: गन मिनिटभर ठेवून मारलेला पहिला बॉल जास्त वेगाने जातो आणि मागचे नेहमीच्या वेगाने. बहुतेक मैदानांवर २८० ते ३०० फूट प्रति सेकंद ही वरची मर्यादा असते. म्हणजे ही बाब गळतीपुरती नाही, समोरच्या खेळाडूच्या अंगावरच्या वळाची आहे. अशा गनला नवा सोलेनॉइड घातला तर तोही काही आठवड्यांत तसाच होणार. इथे सीट बदलायची असते. ती सोलेनॉइडच्या तुलनेत किरकोळ किमतीची असते.

गळती अखंड चालू आहे, मारा की नका मारू, एक्झॉस्टमधून हवा येतेच. इथे दोन संशयित आहेत आणि दोघांची लक्षणं हुबेहूब सारखी. रॅम (हवेने पुढे-मागे होणारा छोटा पिस्टन-सिलिंडर) असलेल्या गनमध्ये सोलेनॉइड आळीपाळीने रॅमच्या पुढे आणि मागे हवा भरतो. रॅमच्या पिस्टनची ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) झिजली की एका बाजूची हवा पिस्टनला वळसा घालून दुसरीकडे जाते, आणि ती बाजू त्या वेळी एक्झॉस्टला जोडलेली असते. हवा बाहेर पडते सोलेनॉइडच्या तोंडातून, भोक मात्र रॅममध्ये. स्पूल पद्धतीच्या गनमध्ये बोल्टवरच्या (बॉलला पुढे ढकलणाऱ्या दांड्यावरच्या) ओ-रिंगा असाच चकवा देतात, तिथली हवा कधी नळीतून तर कधी खालून येते.

याचा निकाल सायकलच्या पंपाने लागतो. गेज असलेला उभा पंप घ्या. सोलेनॉइड मॅनिफोल्डसकट काढा, रॅमकडे जाणारी भोकं बंद करा (नळ्या असतील तर दुमडून चिमटा लावा, नसतील तर रबराचा तुकडा दाबून धरा), आणि इनलेटला पंपाची नळी घट्ट बसवून चार-पाच बार द्या. एक्झॉस्टवर टिश्यू पेपरची चिंधी धरा. ती हलली नाही तर सोलेनॉइड निर्दोष, ओ-रिंगांच्या मागे लागा. हलली तर सोलेनॉइडच्या पिनांना बॅटरी लावून एकदा खटका वाजवा, दुसऱ्या स्थितीतही बघा. एकाच स्थितीत गळत असेल तर एका सीटवर काहीतरी अडकलंय. दोन्हीत गळत असेल तर आधी गॅस्केट बघा.

गॅस्केट

यावर थोडं थांबतो, कारण दुरुस्तीला आलेल्या गनमध्ये सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं, आणि बहुतेकदा आधीच्या दुरुस्तीतूनच निघतं. गॅस्केट नखाएवढं. भोकांची मांडणी सरळ-उलट जवळपास सारखी दिसते, पण एका बाजूला भोक किंचित सरकलेलं असतं. उलटं बसलं की अर्धं भोक झाकलं जातं: गन चालते, पण मंद चालते, आणि डवेल वाढवून कोणीतरी ती चालवून घेतं. डवेल म्हणजे बोर्ड कॉइलला किती मिलिसेकंद करंट देतो तो आकडा. तो वाढवल्याने दुखणं झाकलं जातं, बॅटरी लवकर उतरते आणि कॉइल जास्त तापते. तुमच्या हाती गन आली की आधी डवेल कारखान्याच्या आकड्यावर आणा आणि मगच तपासायला बसा.

स्क्रू दोन्ही आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. एकच आधी गच्च केला तर गॅस्केट एका बाजूला फुगतं. आणि ताकद लावू नका, पितळेत किंवा प्लॅस्टिकमध्ये कापलेला तो आटा एकदा गेला की गेला.

कॉइल खरंच गेली का

मल्टिमीटरने दोन पिनांमधला रोध मोजा. त्याच मॉडेलचा चांगला सोलेनॉइड जवळ असेल तर दोन्ही आकडे जुळायला हवेत. नसेल तर वॉल्व्हवर छापलेल्या आकड्यांवरून काढा: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. ५ व्होल्ट आणि अर्धा वॅट असेल तर ५० ओहमच्या जवळपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली, आणि ती पुष्कळदा आत नव्हे, पिनच्या टाक्याशी तुटते. फारच कमी दाखवत असेल तर वेढे आपसात चिकटले.

बहुतेक वेळा मात्र कॉइल ठीक निघते आणि बॅटरी लबाड निघते. गावातल्या दुकानात मिळणारा स्वस्त ९ व्होल्टचा साधा सेल नुसता मोजला तर नऊ दाखवतो, पण कॉइलचा लोड आला की बसतो. मीटर लावून ठेवा आणि ट्रिगर दाबत राहा, आकडा कोसळताना दिसेल. अल्कलाइन घाला, प्रश्न मिटतो.

आत काय सापडतं

उघडण्यासारखा वॉल्व्ह उघडायचा तर पांढऱ्या टाइलवर किंवा ताटात उघडा, पंखा बंद करून. स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि पळून जाण्यात पटाईत.

कॅम्पच्या गनमधला एक वॉल्व्ह मी घड्याळजीच्या भिंगाखाली धरला तेव्हा पायलटच्या भोकाशी एक काळपट लगदा होता. टोकदार काडीने तो टाइलवर पसरवला: काळ्या रबराचे केसाएवढे तुकडे, चिकट ग्रीस, त्यात रुतलेली मातीची भुकटी. बाजूला प्लंजरच्या टोकावर तांबूस डाग, म्हणजे गंज, म्हणजे पाणी. चार गोष्टी तीन ठिकाणांहून आल्या होत्या. रबर कुठल्यातरी झिजलेल्या ओ-रिंगचं. ग्रीस बोल्टवर चोपडलेलं, कारण पोरांना वाटतं जितकं जास्त तितकं बरं. माती आणि पाणी मात्र बाटलीतून.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पुसायला बिनधाग्याचा कपडा, चष्म्याचा चालतो. कापसाच्या मुलखात बसून सांगतोय, पण इथे कापूस नको, इयरबडही नको. त्याचा एक तंतू आत राहिला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सीट सुईने खरवडू नका. डब्ल्यूडी-४० मारू नका, ते ओ-रिंगचं वंगण नव्हे आणि वाळल्यावर धूळ धरतं. सोलेनॉइडच्या आत ग्रीस अजिबात नाही. बोल्टच्या ओ-रिंगवर गन कंपनीने सांगितलेलं ग्रीस, तेही बोटाला चकाकी येण्यापुरतं. पायलटच्या भोकाच्या आधी बारीक जाळी असेल तर ती नीट बघा. पुष्कळ गनमध्ये ती जाळी मागच्या दुरुस्तीत हरवलेली असते आणि कुणाच्या लक्षातही नसतं.

मग हे पुन्हा पुन्हा का होतं

कारण कचरा येण्याची वाट कोणी बंद करत नाही. त्या कॅम्पवर मी एकदा कॉम्प्रेसर बघायला गेलो. टिनाच्या शेडमध्ये, पार्किंगला लागून, तोंड रस्त्याकडे. जीप आली की काळ्या मातीचा लोट थेट हवा ओढायच्या फिल्टरवर. बाटल्या जमिनीवर आडव्या, फिल निपलवर (हवा भरायच्या तोंडावर) टोपी एकाच्याही नाही. पोरगा एकेक उचलून निपल सदऱ्याला पुसायचा आणि होज जोडायचा.

इथे करायच्या गोष्टी साध्या आहेत. निपलला टोपी, जोडण्याआधी हवेचा एक झटका मारून निपल साफ करणं, बाटल्या लाकडी रॅकवर. हवा ओढायचा पाईप शेडच्या वर, रस्त्याच्या उलट बाजूला. उन्हाळ्यात भरणं सकाळी उरकायचं, कारण ४५ अंशात कॉम्प्रेसर आधीच तापलेला असतो आणि तापलेला कॉम्प्रेसर हवेबरोबर जास्त तेल सोडतो. पावसाळ्यात भरताना साचणारं पाणी वरच्यावर ड्रेन करायचं. चिखलदऱ्याच्या धुक्यात तर मशीन हवेपेक्षा पाणीच जास्त काढतं की काय असं वाटतं. तेल आणि बाष्प धरणारं फिल्टर कार्ट्रिज ठरलेल्या तासांनी बदलायचं. आणि निपलमध्ये तेलाचा थेंब कधीच नाही. जास्त दाबाची हवा एकदम आत घुसते तेव्हा इतकी तापते की तेल पेट घेऊ शकतं. "दोन थेंब टाकले की मक्खन चालते" असं सांगणारा भेटला तर त्याला कॉम्प्रेसरपासून लांब ठेवा.

बाटलीवर चाचणीची तारीख कोरलेली असते, ती वाचा. दाबाच्या सिलिंडरांचे नियम बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तारीख उलटलेली बाटली भरून देणाऱ्याला ओळखीचा म्हणून सूट देऊ नका.

काही ठिकाणी हवा मिळत नाही म्हणून कार्बन डायऑक्साइड भरतात. पहिल्या जातीच्या गनला तो चालतो. सोलेनॉइडमधून हवा जाणाऱ्या गनला नको. हा वायू ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात बाटलीतला दाब बेभरवशाचा, आणि जास्त भरली असेल तर सुरक्षा चकती फुटते. उलट हिवाळ्यात वरच्या थंडीत द्रवच गनमध्ये उतरतो, सील गारठून कडक होतात. शिवाय तो नायट्राइल रबरात मुरतो आणि दाब सुटला की रबर फुगतं. अशा फुगलेल्या सीलला कितीही साफ करा, ती बसत नाही.

नवी गन घेताना

विकणाऱ्याला एकच सांगा: मूठ खोलून सोलेनॉइड दाखव. स्क्रूने बसवलेला, वर व्होल्टेज छापलेलं, गॅस्केट सुटं मिळणारं असेल तर पुढे बोला. तसाच दिसणारा वॉल्व्ह नागपूरच्या न्युमॅटिकवाल्याकडे मिळेल म्हणून निर्धास्त राहू नका. गनवाले पुष्कळदा वेगळ्या व्होल्टेजची किंवा जलद उघडणारी कॉइल मागवतात. बाहेरून जुळे, आतून वेगळे. भोकांची मांडणी, व्होल्ट, वॅट आणि नॉर्मली ओपन की क्लोज्ड (करंट नसताना उघडा की बंद), हे चारही जुळलं तरच घ्या.

भाड्याने द्यायच्या गन असतील तर माझं मत सरळ आहे, सोलेनॉइड नकोच. टिपमन ९८ किंवा एमेकसारखी पूर्ण यांत्रिक गन पर्यटकांच्या हातात, धुळीत, आदळआपट सोसत चालते. एका सहलीत येणाऱ्या पोट्ट्यांना सेकंदाला किती बॉल सुटतात याने काडीचा फरक पडत नाही. इलेक्ट्रॉनिक गन त्याने घ्यावी जो ती स्वतः खोलतो.

इलेक्ट्रॉनिक गन असेलच तर गॅस्केटचे दोन सेट, रेग्युलेटरची एक सीट, ओ-रिंगांचा पूर्ण संच आणि अल्कलाइन सेल एवढं डब्यात ठेवा. अख्खा सोलेनॉइड एकच पुरे. आणि मोसम संपून गन कपाटात गेली की सेल बाहेर काढून ठेवा. पावसाळाभर आत राहिलेला सेल फुटून बोर्डाच्या टाक्यांवर ओघळतो, आणि ते हिरवं झालेलं तांबं घेऊन लोक पुन्हा सोलेनॉइडच मागायला येतात.